शेजारी कोण बसणार?

१८५६ सालच्या जून महिन्यात धारवाडच्या एका महार मुलानं मुंबई सरकारकडे अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथल्या सरकारी शाळेनं त्याला घ्यायला नकार दिला होता आणि मला शाळेत घ्यावं, एवढंच त्याचं मागणं होतं. पुढच्याच महिन्यात सरकारनं ठराव केला. तात्त्विक न्याय अर्जदाराच्या बाजूचा आहे, हे त्या ठरावात स्वच्छ कबूल केलेलं आहे. पण लगेच पुढे म्हटलंय की, युगानुयुगांच्या समजुतींना एकट्यादुकट्यासाठी एकदम हात घातला तर शिक्षणाच्या कार्याचंच मोठं नुकसान होईल. साध्या मराठीत सांगायचं तर, तुझं बरोबर आहे, पण तू आत आलास तर बाकीचे उठून जातील.

कलकत्त्याला गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलला हे काही पटलं नाही. बंगालमधल्या कुठल्याही सरकारी शाळेनं या मुलाला परत पाठवलं नसतं, असं तिथून कळवण्यात आलं. लंडनच्या कंपनी संचालकांनीही कलकत्त्याचीच री ओढली. मग १८५८ साली मुंबई सरकारला पत्रक काढावं लागलं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात ते उद्धृत केलंय. पत्रक नीट वाचलं तर त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ज्या शाळा संपूर्णपणे सरकारी खर्चानं चालतात त्या सर्व प्रजेला, कुठलाही भेद न करता, खुल्या राहतील, ही एक. आणि ज्या शाळांचा खर्च सरकारबरोबर स्थानिक देणगीदारही उचलतात, त्यांचा विरोध असेल तर तिथे खालच्या जातींची मुलं आणून बसवायचा सरकारचा विचार नाही, ही दुसरी. अशा शाळांची मदत थांबवण्याचा हक्क सरकारनं राखून ठेवला होता म्हणा. हक्क राखून ठेवणं ही सरकारची जुनी आवड आहे.

सरकारी शाळा आणि खासगी शाळा यांतला फरक आपल्याकडे कागदावर पहिल्यांदा आला, तो माझ्या समजुतीप्रमाणे असा. फी, माध्यम, इंग्रजी, इमारत यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नाही. प्रश्न एकच: वर्गात कोण कोणाला नाकारू शकतं.

या कागदांपर्यंत मी पोचले ती मुलीच्या पहिलीच्या प्रवेशामुळे. आमच्या घरापासून चालत आठ मिनिटांवर जिल्हा परिषदेची शाळा आहे. गाव कधीच शहरात मिसळलं, शाळा तेवढी जुन्या जागी राहिली. तिच्याहून थोडं पुढे, मुख्य रस्त्यावर, एक खासगी इंग्रजी शाळा आहे. तिच्या बसेस सकाळी सात वाजता सोसायटीच्या फाटकाशी हॉर्न वाजवतात. दोन्ही पाहून आल्यावर घरात फी, अंतर, इंग्रजी अशी यथासांग चर्चा झाली. सासूबाई सगळं ऐकून घेत होत्या. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "ते सगळं खरं गं, पण तिच्या शेजारी कोण बसणार ते बघितलंस का?" त्या वाईट हेतूनं म्हणाल्या नाहीत. सगळ्यांच्या मनात असतं ते त्यांनी बोलून दाखवलं, इतकंच. मला मात्र त्या प्रश्नाचं वय किती असेल, असं वाटायला लागलं.

सरकारी शाळा येण्याआधी आपल्याकडे सगळ्याच शाळा खासगी होत्या. मुंबई कौन्सिलचा सदस्य प्रेंडरगास्ट यानं १८२१ मध्ये लिहून ठेवलंय की, इलाख्यात लहान असो की मोठं, शाळा नाही असं गाव क्वचितच सापडेल. हे वाक्य हल्ली फार अभिमानानं फिरवलं जातं. पण ती शाळा म्हणजे पंतोजींच्या पडवीत किंवा देवळात बसणारी दहापंधरा मुलं, धूळपाटी, मोडी, पाढे, पावकी-निमकी. फी दर मुलामागे, बहुतेकदा धान्यात. त्या दहापंधरांत बहुतेक ब्राह्मणांची आणि वाण्या-सोनारांची मुलं. ज्याला हिशेब ठेवायचा होता त्यानं हिशेबाच्या शिक्षणाचे पैसे द्यायचे, असा रोखठोक मामला होता. शेतात राबणाऱ्याच्या मुलाला त्या पडवीत कुणी मज्जाव केला की तो आपणहूनच फिरकला नाही, हे विचारण्याचीही कुणाला गरज वाटली नसावी.

म्हणूनच जोतीराव फुल्यांची गोष्ट मला 'सरकारी की खासगी' या वादात बसवता येत नाही. त्यांचं इंग्रजी शिक्षण झालं ते पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत, म्हणजे खासगी शाळेत. १८४८ मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, तीही खासगी. ज्यांना सरकारी शाळा दार उघडत नव्हती त्यांच्यासाठी खासगी शाळा हाच आसरा होता. पण हेच जोतीराव १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे निवेदन देतात तेव्हा त्यांचा सगळा रोख सरकारवर असतो. सरकारची तिजोरी रयतेच्या घामानं भरते आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुद्दा. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करा, ही मागणी. शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या, त्यांना धड पगार द्या, हेही. स्वतः शाळा चालवून पाहिलेला माणूस हे म्हणतो आहे, म्हणून त्याला वजन आहे. दोन-चार शाळा देणगीवर चालतात, गावोगाव चालत नाहीत, हे त्यांना हिशेबानं माहीत होतं.

त्याच पुण्यात तेव्हा दुसरीकडे वेगळंच वारं वाहत होतं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी रत्नागिरीच्या सरकारी शाळेतली नोकरी सोडली आणि २ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. टिळक, नामजोशी बरोबर होते, पुढच्या वर्षी आगरकर आले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. इथे 'खासगी' या शब्दाला कसला दर्प होता पाहा. सरकारी नोकरी म्हणजे पगार, पेन्शन, साहेबाची मर्जी. खासगी शाळा म्हणजे त्याग, पोटापुरतं मानधन आणि स्वाभिमान. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती या नव्या शाळेच्या मुलांनी पटकावली, तेव्हा आपले लोकही साहेबाच्या बरोबरीनं शाळा चालवू शकतात, हे सिद्ध झाल्यासारखं पुण्याला वाटलं. आजची पालकसभा आणि तिचा फी-तक्ता पाहिला की, 'खासगी शाळा' हा शब्द एकेकाळी पैसे न मिळवणाऱ्या माणसांशी जोडलेला होता, यावर विश्वास बसत नाही.

प्रतिष्ठा मात्र तरीही सरकारी शाळेचीच होती, निदान मुंबईत. एल्फिन्स्टन हायस्कूल सरकारी होतं आणि तिथे मुलगा जाणं ही सांगायची गोष्ट होती. सुभेदार रामजी सकपाळांनी भीमरावाला घातलं ते तिथेच. त्याआधी १९०० साली साताऱ्याला, तेही सरकारी हायस्कूलमध्ये. १८५८ च्या पत्रकानं ज्या शाळा 'कुठलाही भेद न करता' खुल्या केल्या होत्या त्यांतलीच ती एक. तिथे काय झालं ते आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलंय: बसायला घरून आणलेलं गोणपाट, ते संध्याकाळी परत घरी न्यायचं, कारण शाळेचा झाडूवालाही त्याला हात लावायचा नाही, आणि शिपाई हजर असेल तरच पाणी. दार कायद्यानं उघडलं होतं. शेजार उघडला नव्हता. तरीही सुभेदारांना मुलासाठी सरकारीच शाळा सापडली, हेही तितकंच खरं आहे. खासगी संस्थेच्या दारात त्यांना कुठला कागद दाखवता आला असता?

हंटर कमिशननं फुल्यांचं ऐकलं नाही. प्राथमिक शाळा नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या गळ्यात, माध्यमिक शाळा होता होईल तो खासगी संस्थांकडे आणि सरकारनं त्यांना अनुदान द्यावं, अशी वाटणी झाली. अनुदानाची कल्पना १८५४ च्या वुडच्या खलित्यातलीच. यातून महाराष्ट्रात एक असं काही तयार झालं, ज्याला 'सरकारी' म्हणता येत नाही आणि 'खासगी'ही: अनुदानित संस्था. शाळा संस्थेची, मुख्याध्यापक संस्थेचा, पगार सरकारचा. परदेशातला कुणी 'पब्लिक की प्रायव्हेट' असं विचारतो तेव्हा मराठी माणसाची पंचाईत होते ती यामुळेच. आपल्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या बहुतेकांचं शिक्षण या तिसऱ्याच प्रकारात झालेलं असतं. नूतन मराठी, पार्ले टिळक, बालमोहन ही नावं घेताना ती 'प्रायव्हेट' आहेत असं आपल्याला वाटतच नाही.

सक्तीचं शिक्षण मात्र लांबतच गेलं. गोखल्यांनी १९११ च्या मार्चमध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणलं. ते किती सौम्य होतं! सहा ते दहा वर्षांची मुलं, तीही फक्त मुलगे. सक्ती करायची की नाही हे स्थानिक संस्थेनं ठरवायचं. तिथेही सरकारची परवानगी लागणार. एवढं असूनही १९ मार्च १९१२ रोजी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. विरोधात फक्त साहेब नव्हते, आपले जमीनदारही होते. सगळे शाळेत गेले तर शेतावर कोण येणार, हा प्रश्न 'शेजारी कोण बसणार' याचाच भाऊ.

ब्रिटिश मुलखात जे होत नव्हतं ते संस्थानांत झालं. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग सुरू केला आणि पुढे तो बडोदा संस्थानभर नेला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला; मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. पण मला त्यांचा त्यानंतरचा १९१९ चा हुकूम जास्त महत्त्वाचा वाटतो. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करा आणि त्यांची मुलं इतरांच्याच शाळेत घ्या, असा तो होता. वेगळ्या शाळा त्यांच्याच संस्थानात, चांगल्या हेतूनं चाललेल्या होत्या. चांगल्या हेतूनं काढलेली वेगळी शाळाही वेगळीच राहते, हे ज्या राज्यकर्त्याला कळलं त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो. जोड म्हणून सांगते, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवत होती. खासगी संस्थेनं ठरवलं तर १८५८ चं पत्रक उलटं करून दाखवता येतं, याचा तो पुरावा.

माझे वडील रयतच्याच हायस्कूलचे. पाटण तालुक्यातल्या एका वाडीत चौथीपर्यंत जीवन शिक्षण मंदिर, मग सहा किलोमीटरवरचं हायस्कूल. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावची शाळा त्यांच्याकडे गेली, पण वडिलांच्या बोलण्यात ती अजून 'बोर्डाची शाळा'च आहे. त्यांना शाळा निवडायची होती का, असं मी विचारलं तेव्हा त्यांना प्रश्नच कळला नाही. "निवडायची म्हणजे? होती तिथं गेलो." ईबीसीच्या फॉर्मसाठी तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणायला घातलेल्या खेपा मात्र त्यांना तारीखवार आठवतात. त्यांच्या वर्गात पाटलाचा मुलगा होता, रामोशाचा होता, गुरवाचा होता, बौद्धवाड्यातले दोघे होते. याचं कारण गाव फार उदार होतं, असं अजिबात नाही. शाळा एकच होती. पाटलाला दुसरीकडे पाठवण्याची सोय नव्हती. ज्या दिवशी ती सोय झाली, त्या दिवशी पाटलाचा नातू गेला.

ती सोय कशी झाली, याची सुरुवात मला एका न्यायालयीन खटल्यात सापडते आणि तो फार गमतीचा आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यानं इंग्रजी पाचवी ते सातवीतून काढून आठवीपासून ठेवलं. हेतू स्पष्ट होता: सगळ्यांची मुलं सात वर्षं मातृभाषेत एकसारखं शिकतील. पण इंग्रजी माध्यमाच्या अँग्लो-इंडियन शाळा होत्याच आणि जाणकार पालकांची पावलं तिकडे वळायला लागली. तेव्हा ६ जानेवारी १९५४ रोजी सरकारनं हुकूम काढला की, ज्यांची भाषा इंग्रजी आहे असे अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक सोडून कुणालाही इंग्रजी माध्यमाच्या वर्गात घेऊ नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलमध्ये एका भारतीय ख्रिस्ती कुटुंबाची मुलगी आणि एका गुजराती हिंदू कुटुंबाचा मुलगा प्रवेशाला आले, ते या हुकमापायी परत गेले. संस्था आणि पालक कोर्टात गेले. उच्च न्यायालयात जिंकले आणि मे १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही जिंकले.

कशाच्या जोरावर जिंकले? घटनेच्या एकोणतिसाव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या कलमाच्या. राज्यानं चालवलेल्या 'किंवा राज्याकडून मदत घेणाऱ्या' कुठल्याही शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात, भाषा या कारणानं नागरिकाला प्रवेश नाकारता येणार नाही, असं ते कलम म्हणतं. १८५८ चं पत्रक शेजारी ठेवून हे वाचावं. तिथे मदत घेणाऱ्या शाळांना जी पळवाट होती, ती घटनेनं बंद केली. धारवाडच्या मुलाला चौऱ्याण्णव वर्षांनी मिळालेलं उत्तर आहे ते. आणि त्याचा सुरुवातीच्या वर्षांतला एक मोठा वापर झाला तो कशासाठी, तर इंग्रजी शाळेची फी परवडणाऱ्या पालकांना तिथे जाण्याचं स्वातंत्र्य मिळावं म्हणून. न्यायालयाचं चुकलं असं मी म्हणत नाही. हुकूम टिकण्यासारखा नव्हताच, वंश पाहून माध्यम ठरवणारा होता. पण दार उघडलं की पहिला आत कोण येतो हे पाहण्यासारखं असतं.

गोव्यात हाच खेळ अनुदानाच्या अंगानं झाला. १९९० च्या सुमारास तिथल्या सरकारनं प्राथमिक शाळांना अनुदान हवं तर कोकणी किंवा मराठीत शिकवा, असं ठरवलं. चर्चच्या शाळांनी ते मानलं, वीस वर्षं कोकणीत शिकवलंही. २०११ मध्ये पालकांच्या दबावानं इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान मिळालं आणि गावोगावच्या मराठी सरकारी शाळांची उरलीसुरली मुलंही आटली. पैसा कुठे जातो हे सरकार ठरवतं, मूल कुठे जातं हे पालक ठरवतात, आणि थोड्या वर्षांनी पैसा मुलाच्या मागे जातो.

या सगळ्याला उत्तर म्हणून एक योजना कागदावर आली होती. १९६४ ते ६६ मध्ये कोठारी आयोगानं समान शाळा पद्धत सुचवली: एका परिसरातल्या सगळ्या मुलांनी त्याच परिसरातल्या शाळेत जायचं, साहेबाच्याही आणि शिपायाच्याही. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक. कोल्हापूर जिल्ह्यातले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत ज्यांचा मोठा हात, आयुष्यभर प्राथमिक शिक्षणाचा अर्थव्यवहार डोक्यात घेऊन फिरलेले. चांगलं शिक्षण हुशारी बघून नव्हे तर फी भरायची ऐपत बघून मिळतं, हे आयोगानं सरळ लिहिलं. श्रीमंत आपल्या मुलांना वेगळं काढतात यात गरिबांचंच नुकसान आहे असं नाही, त्या मुलांचंही आहे, हेही लिहिलं. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणात समान शाळेचा शब्द आला आणि तिथेच राहिला. ज्यांनी अंमल करायचा त्या अधिकाऱ्यांची मुलं तोवर कुठे जात होती, याचा शोध घ्यायला संशोधकाची गरज नाही.

पुढची घसरण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाली, तेव्हा ती थोडक्यात. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. मुलं मराठी शाळेत टिकतील अशी आशा होती. त्याच वर्षी शिक्षणसेवक योजना आली: प्राथमिक शाळेतला नवा शिक्षक तीन वर्षं महिना तीन हजारांवर. एकीकडे पहिलीपासून इंग्रजी शिकवा म्हणायचं आणि शिकवणाऱ्याला गवंड्याच्या हाताखालच्या माणसाइतके पैसे द्यायचे, हे एकाच सरकारला एकाच वर्षी सुचू शकतं. २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला. आगरकरांच्या काळी खासगी शाळा काढणाऱ्याकडे त्याग लागायचा, आता जमीन आणि ठेव लागते. अनुदानाची अटच नाही, म्हणजे एकोणतिसाव्या अनुच्छेदातल्या 'मदत घेणाऱ्या' या शब्दांतूनही अशा शाळा सुटल्या.

तरी माझ्यासमोरची जिल्हा परिषदेची शाळा काही पडझडीचं चित्र नव्हती. सरकारी शाळेबद्दल लिहिताना एकतर गळकं छप्पर दाखवायचं किंवा परितेवाडीच्या रणजितसिंह डिसल्यांना २०२० मध्ये मिळालेलं जागतिक पारितोषिक दाखवायचं, अशी पद्धत आहे. बहुतेक शाळा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतात. इथे चार खोल्या होत्या, भिंतींवर पाढे रंगवलेले, एक डिजिटल फळा जो सुरू होता, पहिलीत बावीस मुलं. त्यांतली निम्म्याहून जास्त मराठवाड्यातून बांधकामावर आलेल्या कुटुंबांची, काही बिहारची. बाई वर्गात होत्या आणि शिकवत होत्या, हे मी खिडकीतून अर्धा तास पाहिलं. त्या अर्ध्या तासात त्यांना दोनदा ऑफिसातून बोलावणं आलं, कुठल्याशा ऑनलाइन माहितीसाठी. मुख्याध्यापिका माझ्याशी चांगल्या बोलल्या, पण सोसायटीचं नाव ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्हाला इथं का घालायचंय?" आवाजात संशय होता. शाळेला स्वतःलाच आपण निवडले जाऊ, असं वाटत नव्हतं.

नवऱ्याचा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो. "शाहू महाराजांवरचं तुझं प्रेम मान्य आहे, पण त्याचं बिल मुलीच्या नावानं का फाडायचं?" एक मूल घातल्यानं शाळा सुधारत नाही, हे खरं आहे. पण मूल काढल्यानं ती बिघडते, हेही आपण पाहिलेलं आहे. एकेक करून, प्रत्येक जण आपापल्या जागी अगदी बरोबर असताना. बाईंना तिसऱ्यांदा बोलावणं आलं तर जाऊन विचारणारा पालक ज्या शाळेला उरलेला नसतो, तिथे तिसऱ्यांदा बोलावणं येतंच. आमचं ठरलं ते चौथीपर्यंतचं. जूनमध्ये ती जिल्हा परिषदेच्या पहिलीत बसेल. पाचवीचं तेव्हा बघू. वडिलांना हे सांगितलं तर ते म्हणाले, आमच्या वेळेसारखंच की.

माझा निर्णय माझ्या हातात होता, हे मात्र विसरता येत नाही. आठ मिनिटांवरच्या वस्तीत राहणाऱ्या आईला तो हक्क २०१० मध्ये मिळाला. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यानं विनाअनुदानित खासगी शाळांनाही पहिल्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायला लावल्या. फी सरकार भरणार. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे वैध ठरवलं. अल्पसंख्याक संस्था पुढे त्यातून सुटल्या. १८५८ मध्ये फक्त सरकारी शाळा, १९५० मध्ये मदत घेणाऱ्याही, २०१० मध्ये मदत न घेणाऱ्याही, थोड्या प्रमाणात का होईना: शेजारी कोण बसणार हे ठरवण्याचा शाळेचा अधिकार असा टप्प्याटप्प्यानं कमी होत आला.

तो फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा मागे फिरवायचा प्रयत्न झाला. राज्य सरकारनं नियम बदलला: खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट. कर्नाटकानं असंच काही आधी केलेलं होतं. सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. जवळच आपली शाळा असताना दुसऱ्याच्या शाळेची फी का भरायची, असं तिचं सार. खासगी शाळांची प्रतिपूर्तीची थकबाकी साचलेली होतीच. पण शहरात एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा नाही अशी खासगी शाळा शोधावीच लागेल. आमच्या मुख्य रस्त्यावरची इंग्रजी शाळा त्या नियमानं सुटली असती आणि ती सुटली असती ते माझी मुलगी ज्या शाळेत जाणार आहे त्या चार खोल्यांमुळे. जिल्हा परिषदेची शाळा जवळ आहे म्हणून वस्तीतल्या मुलाला इंग्रजी शाळेचं दार बंद. आणि ती शाळा सोसायटीतल्या मुलांसाठी पुरेशी आहे का, हे कुणी विचारायचं नाही.

पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे रोजी नियमाला स्थगिती मिळाली, १९ जुलै रोजी तो रद्द झाला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. अर्ज नव्यानं भरून घेतले होते, सोडतही काढलेली होती, पण यादी निकालासाठी अडलेली होती. शाळा जूनच्या मध्याला भरते. त्या वर्षी ज्यांचे नंबर लागले ती मुलं वर्गात आली तेव्हा बाकीच्यांना बसायची जागा, डबा खायला सोबती आणि बाईंचं नाव ठाऊक होऊन महिना उलटून गेला होता.